दाम देणारा पाहुणा

पाहुण्याकडून पैसे घ्यावयाचे, ही कल्पनाच आमच्या आजीला असह्य झाली असती. परंतु काळ बदलला. चिंचवडच्या बिऱ्हाडांतून शनिवार-रविवारीं बाहेर पडूं पाहणारीं कुटुंबें, चाकणच्या कारखान्यांत परगांवाहून, क्वचित् जर्मनी-कोरियाहूनही आलेले इंजिनियर, यांना दोन दिवसांचा निवारा हवा असतो. आणि आपलीं गांवाकडचीं घरें वर्षांतून दहा महिने कुलुपांत असतात. चासकमान धरणाजवळचें आमचें घरही असेंच पडून होतें. भीमाशंकरीं उगम पावलेली भीमा तेथें अडविली आहे. पाण्यावरचा वारा थेट ओसरीवर येतो. तेव्हां गेल्या वर्षीं तें पाहुण्यांस भाड्यानें देण्याचें आम्हीं योजिलें.

भिंतींना रंग दिला, गाद्या पिंजून घेतल्या, नवे पडदे लाविले. न्हाणीघराच्या झरोक्यांतून डांस व पाली येत, म्हणून तो फळी मारून बंद केला. घर कसें नीटनेटकें दिसूं लागलें! मग एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनीं सुचविलें, "आधीं एक रात्र तुम्हींच पाहुणे होऊन राहा." आम्हीं हंसून तें मान्य केलें.

त्या रात्रीं आमची मुलगी स्नानास गेली ती बराच वेळ बाहेर येईना. हांका मारल्या तेव्हां कशीबशी कडी काढून ती दारांतच बसली; डोकें दुखत होतें, घेरी येत होती. ओसरीवरच्या मोकळ्या हवेंत नेल्यावर ती सांवरली. तरी आम्हीं तिला रातोरात डॉक्टरांकडे नेलें. पाणी तापविण्याचा गॅसचा बंब न्हाणीघराच्या आंतच होता. ज्वलनास प्राणवायु अपुरा पडला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. झरोका बंद करणारे आम्हींच! मुलीऐवजीं परका पाहुणा असता, आणि त्याला हांक मारणारें कोणीच नसतें, तर? या विचारानें आजही अंगावर कांटा येतो.

दुसऱ्याच दिवशीं फळी काढिली आणि बंब घराबाहेर उघड्या जागीं नेला. मग जिना, विजेचीं बटनें, विहिरीचा कठडा, सारें परक्याच्या नजरेनें तपासलें. जवळच्या डॉक्टरांचा दूरध्वनि-क्रमांक ठळक अक्षरांत भिंतीवर लाविला. सरकारी बाजूही विसरूं नये. पर्यटन खात्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे, तिची चौकशी करावी. परदेशी पाहुणा उतरल्यास २४ तासांच्या आंत त्याची माहिती कळवावी लागते.

इतकें करूनही एक उणीव राहिलीच. देव आम्हीं चिंचवडास आणिले होते आणि देवघराला कुलूप घातलें होतें. पहिले पाहुणे म्हणून एक तरुण इंजिनियर आपल्या वृद्ध आईला घेऊन आले. तिन्हीसांजेला त्या बाईंचा दूरध्वनि आला: "घर फार छान आहे हो, पण सांजवात कुठें लावूं?"

आम्हांला उत्तर सुचेना. आतां तेथें एक मोकळा कोनाडा, समई, तेल आणि वाती ठेविलेल्या असतात. ज्याला लावावयाची त्यानें लावावी. दाम देऊन आला तरी तो आपल्याच घरीं आलेला असतो, हें आमच्या आजीलाही पटलें असतें.