मुरुडहून तेरकडे

मुरुड सोडून धाराशिव जिल्ह्याची हद्द ओलांडली की तेर जवळच. गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. इथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या स्त्रीमूर्ती आहेत. दोन साच्यांत माती दाबायची, दोन्ही भाग जोडायचे, आत पोकळी ठेवायची. भरीव मूर्ती भट्टीत तडकते, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. केशरचना तर एवढी नाजूक की पाय तिथून निघत नाही.

आजच्या सिरॅमिक कलावंतांवर अंक काढायचं ठरलं तेव्हा मला आधी त्या मूर्ती आठवल्या. भद्रावतीच्या ग्रामोदय संघात कृष्णमूर्ती मिरमिरांनी कुंभारांना झिलई आणि उंच तापमानाची भट्टी शिकवली. भाईंदरच्या ब्रह्मदेव पंडितांना २०१३ साली पद्मश्री मिळाली, तीही चाकावरच्या कामासाठी. आपल्याकडची काळी माती वाळताना फार आकसते. स्टोनवेअरची १२०० अंशांपुढची आच तिला सोसत नाही. म्हणून स्टुडिओत माती बाहेरून येते. पण हात? ते इथलेच का असू नयेत? रांजण घडवणाऱ्याला आपण कारागीर म्हणतो आणि शिल्प घडवणाऱ्याला कलावंत. ही वाटणी मला मान्य नाही. या अंकात म्हणूनच बरणी आणि शिल्प शेजारी शेजारी छापली आहेत.