शेवटची कुस्ती कोणाची?



हरभरा घरात आला, हळद शिजू लागली, की आपल्या भागात जत्रांचे दिवस येतात. पारावर पंचकमिटी बसते. वर्गणीची वही निघते. तमाशा आणायचा की भारूड, यावर थोडी बाचाबाची होते आणि चहाबरोबर मिटते. पण एका गोष्टीवरचं भांडण दरसाल होतं आणि ते काही चहावर मिटत नाही. दंगलीतली शेवटची कुस्ती कोणाची लावायची?

आमच्या पुसेगावात परवा याच गोष्टीवरून चार शहाणी माणसं रात्री अकरापर्यंत भांडत बसली होती. पुसेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला साताऱ्याकडचं, सेवागिरी महाराजांचं पुसेगाव आठवतं. आमचं ते नव्हे. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. पण शेवटच्या कुस्तीचं भांडण दोन्हीकडं सारखंच असणार, यात शंका नाही.

आता शहरातला माणूस म्हणेल, यात भांडायचं काय? जो मोठा पैलवान, त्याची शेवटी लावा. मंडळी, एवढं ते सोपं नाही. शेवटच्या कुस्तीला सगळ्यांत मोठं इनाम असतं. ते इनाम तुमच्या-आमच्या घरातून गोळा झालेलं असतं. कोणी ज्वारीचं पोतं विकून दिलेलं असतं, कोणी उसनं आणून. आणि गाव वर्षभर काय आठवतं, तर शेवटची कुस्ती. ती चांगली झाली तर जत्रा चांगली झाली. ती फसली तर देवाची पालखी कितीही थाटात निघालेली असो, माणसं घरी जाताना तोंड वाकडं करूनच जातात.

मोठ्या स्पर्धेत हा प्रश्न येत नाही. महाराष्ट्र केसरीचंच घ्या. १९६१ साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पहिला मान दिनकर दह्यारींना मिळाला. तेव्हापासून किती मल्ल झाले! तिथं माती गटातला विजेता आणि गादी गटातला विजेता यांची गाठ शेवटी पडते. कोणाची जोड शेवटी लावायची हे कोणी ठरवत नाही, कुस्त्या जिंकत जिंकत ती जोड आपोआप ठरते. आपल्या जत्रेत तसं नसतं. इथं दोन कोणाचे हात एकमेकांत द्यायचे हे पंच ठरवतात. म्हणून चूक झाली तर ती पंचांची चूक असते.

अशी एक चूक आम्ही केलेली आहे. ती सांगतो, म्हणजे पुढचं सांगायचा आम्हाला थोडा हक्क येईल.

१९८८ ची गोष्ट. तेव्हा आपला जिल्हा परभणीच होता, हिंगोली वेगळा व्हायला अजून ११ वर्षं होती. आम्ही जवळच्या एका गावी शाळामास्तर होतो आणि मास्तर म्हटला की लिहायला बरा, म्हणून आम्हाला कमिटीत घेतलं होतं. मागच्या पावसाळ्यानं ओढ दिली होती, तरी लोकांनी वर्गणी काही कमी केली नाही. कमिटीपुढं दोन जोडी होत्या. एक, बाहेरगावचे दोन नामांकित पैलवान. दोघंही शंभर किलोच्या पुढचे, दोघांचंही नाव कागदावर छापलं तर दहा कोसांवरून माणूस यावा असं. दुसरी, शेजारशेजारच्या दोन गावांतली पोरं. साठ-साठ किलोची. आदल्या वर्षी त्यांची कुस्ती अर्धा तास चालून अंधारामुळं सोडवावी लागली होती आणि तेव्हापासून दोन्ही गावांत तिचीच चर्चा होती.

आम्ही नावाच्या मागं लागलो. मोठी जोड शेवटी, पोरांची जोड दुपारी तीनला. आम्हीही त्याला हात वर केला होता, हे लपवत नाही.

दुपारी तीनला अर्धं मैदान मोकळं होतं. पोरांची कुस्ती आठ-दहा मिनिटं चालली. एकानं पट काढला, दुसरा सुटला, पुन्हा भिडले आणि शेवटी त्यातल्या एका पोरानं असा धोबीपछाड मारला की हलगीवाला वाजवायचं विसरला. जेवढी माणसं होती तेवढी उभी राहिली. संध्याकाळी मोठी जोड लागली. पंचवीस मिनिटं नुसती खडाखडी. मानेवर हात, हातावर हात, एक पाऊल पुढं, एक मागं. दिवस मावळला, ट्रॅक्टरचे दिवे लावले, तरी कोणी डाव टाकेना. मैदानातून 'नुरा, नुरा' अशी ओरड सुरू झाली. शेवटी बरोबरीत सोडवली आणि दोघांनी इनाम वाटून घेतलं. नुरा होती की दोघंही एकमेकांना भीत होते, देव जाणे.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. अंधार पडल्यावर एक सालगडी धापा टाकत मैदानात आला. मालकाचं पाणी देणं उरकून, बैल बांधून तो तीन कोस चालत आला होता. आम्हाला म्हणाला, "गुरुजी, आमच्या पोराची लागली का कुस्ती?" तो त्या धोबीपछाड मारणाऱ्या पोराचा बाप होता. वर्षभर स्वतः कोरा चहा पिऊन त्यानं पोराला दूध पुरवलं होतं. आम्ही म्हणालो, "झाली. तुमचा पोरगा जिंकला." तो हसला, मैदानाकडं बघितलं आणि म्हणाला, "असं? मला वाटलं, चांगली कुस्ती संध्याकाळी लावतात."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते आजवर आमच्या ध्यानातून गेलेलं नाही.

तेव्हापासून आमचं पहिलं मत असं झालं की शेवटची कुस्ती ही कष्टकऱ्याची वेळ असते. दुपारी मैदानात कोण असतं? रिकामी माणसं आणि शाळेला दांडी मारलेली पोरं. ज्यांच्या घामातून वर्गणी येते ती माणसं दिवस कलल्यावर येतात. त्यांच्यासाठी उत्तम ते राखून ठेवलं पाहिजे.

मग उत्तम जोड कोणती? नाव मोठं म्हणून कुस्ती मोठी होते का? गामा पैलवानाची गोष्ट जुन्या माणसांना ठाऊक असेल. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनला गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. जगातले दोन बलाढ्य मल्ल! आणि झालं काय? झिबिस्को जमिनीला चिकटून राहिला. अडीच तासांच्या वर कुस्ती चालली आणि निकाल काही लागला नाही. पुढच्या कुस्तीला तो आलाच नाही. तेच दोघं १९२८ साली पतियाळाला पुन्हा भिडले आणि गामानं एका मिनिटाच्या आत त्याला चीत केलं. पैलवान तेच, नावं तीच. एक कुस्ती कंटाळवाणी, दुसरी अमर. तेव्हा नुसत्या नावावर भरवसा ठेवू नये.

पण नाव अगदीच टाकाऊ असतं असंही आम्ही म्हणणार नाही. नावामुळं माणूस घरातून निघतो. अमेरिकेत १९८७ साली रेसलमेनिया म्हणून एक मोठा कार्यक्रम झाला. तिथल्या खेळाचा निकाल आधीच ठरलेला असतो, म्हणून आपण त्याला कुस्ती म्हणणार नाही. पण जोड लावायचा प्रश्न तिथंही हाच. शेवटी लावली हल्क होगन आणि आंद्रे द जायंट या दोन महाकायांची. लोक आले ते त्यांना बघायला. पण त्याच दिवशी आधी झालेली सॅव्हेज आणि स्टीमबोट यांची झुंज जाणकार आजही सर्वांत सरस म्हणून सांगतात. म्हणजे नाव माणसं आणतं आणि खेळ त्यांना तृप्त करतो. जत्रेला दोन्ही लागतात. म्हणून आमचं म्हणणं असं, की नावाची जोड शेवटून दुसरी लावा. बघून जाणारे जातील. ज्यांना कुस्ती कळते ते थांबतील.

दोन्ही गोष्टी एका जोडीत आल्या तर सोन्याहून पिवळं. आपल्या मराठवाड्याचे हरिश्चंद्र बिराजदार मामा आठवा. लातूरकडचा हा माणूस १९६९ चा महाराष्ट्र केसरी, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतला सुवर्णपदक विजेता. १९७७ साली बेळगावच्या मैदानात त्यांची गाठ दिल्लीच्या सतपालशी पडली. सतपाल वयानं लहान, अंगानं थोर आणि ऐन भरात. लोकांना निकाल माहीत नव्हता, हे त्या जोडीचं मोठेपण. बिराजदारांनी सतपालला हरवलं आणि सारा महाराष्ट्र नाचला. ज्या कुस्तीचा निकाल पारावरच्या दहा माणसांतली पाच एका बाजूनं सांगतात आणि पाच दुसऱ्या बाजूनं, ती शेवटची कुस्ती समजावी.

वजनाचंही तसंच. शेवटची कुस्ती म्हणजे शंभर किलोच्या वरची, असा आपल्याकडं एक समज होऊन बसला आहे. महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोचा असतो हे खरं. पण स्वतंत्र भारताला ऑलिंपिकचं पहिलं वैयक्तिक पदक कोणी आणून दिलं? कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, १९५२ साली हेलसिंकीला, ५७ किलोच्या गटात. तेही वर्गणी गोळा करून गेले होते बरं का! आणि आपल्या बीड जिल्ह्यातला, पाटोद्याचा राहुल आवारे, बिराजदार मामांचाच शिष्य. त्यानं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तेही ५७ किलोतच. हलक्या पोरांची कुस्ती चपळ असते, डावावर डाव पडतात. ती दुपारच्या उन्हात उरकून टाकणं हा अन्याय आहे.

मुलींच्या कुस्तीबद्दलही हेच. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. आता गावोगावच्या पोरी लांग कसतात. त्यांची जोड तुल्यबळ असेल, तर 'पोरींची कुस्ती, लावा मध्येच कुठंतरी' असं म्हणू नका. ज्या आईनं म्हशीचं दूध डेअरीला घालायचं सोडून लेकीला पाजलं, तिलाही संध्याकाळच बरी पडते.

आता पंचांसाठी चार रोकड्या गोष्टी सांगतो.

पहिली, गावचा पोरगा म्हणून त्याला पंचवीस किलोनं जड पैलवानाच्या हातात देऊ नका. लोकांना क्षणभर गंमत वाटते, पण मान मोडली तर घर आयुष्यभर रडतं. वजनकाटा मैदानात ठेवा. नजरेचा अंदाज जुन्या वस्तादांना जमत होता, आपल्याला जमेलच असं नाही.

दुसरी, शेवटची कुस्ती सूर्य दीड-दोन हात वर असताना लावा. दिव्याखाली कुस्ती करायची वेळ आली तर खांदे टेकले की नाही हे पंचाला दिसत नाही आणि मग भांडण लागतं.

तिसरी, इनामाची बोली सगळ्यांसमोर करा. निकाली कुस्तीला पूर्ण रक्कम आणि बरोबरीत सुटली तर निम्मीच, उरलेली शाळेला किंवा देवळाला. मग नुरा करणाऱ्याला दहादा विचार करावा लागतो. ठरावीक वेळ झाली की गुणांवर निकाल देण्याची पद्धत आता बऱ्याच मैदानांत आहे, ती आधीच जाहीर करा.

चौथी, पंच तटस्थ नेमा. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत काय झालं ते सर्वांनी पाहिलं. दोन्ही खांदे टेकले की नाही यावरून वाद पेटला आणि अंतिम कुस्तीही पूर्ण न होता संपली. पृथ्वीराज मोहोळ विजेता ठरला, पण चर्चा कुस्तीपेक्षा वादाचीच जास्त झाली. एवढ्या मोठ्या स्पर्धेत असं होतं, तर आपली काय कथा? दोन गावांची जोड असेल तर पंच तिसऱ्या गावचा असावा.

आणि पाचवी गोष्ट, जी चारांत धरली नव्हती. कुस्त्यांचा क्रम आदल्या दिवशी फळ्यावर लिहा, वेळेसकट. गावात आणि आसपासच्या वाड्यांवर सांगा. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. कोणाच्या बापाला अंधारात येऊन विचारायची पाळी येऊ नये.

त्या पोराचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. दुसऱ्या वर्षी आम्ही कमिटीत भांडून त्याची कुस्ती शेवटी लावून घेतली. बाप दुपारपासून येऊन पुढं बसला होता. आणि पोरगा हरला! समोरच्या पोरानं एकलंगी भरून त्याला स्वच्छ आस्मान दाखवलं. आम्ही ओशाळून बापाजवळ गेलो. तो अंगावरची माती झटकत उठला आणि म्हणाला, "हरला तर हरला गुरुजी. पण डोळ्यानं बघितला."

मंडळी, यंदा तुमच्या कमिटीत हा वाद निघाला, की एवढंच विचारा, ही कुस्ती बघायला गावातला कोणता माणूस काम लवकर उरकून धावत येईल? ज्या जोडीसाठी तो येईल, ती शेवटी लावा.

बरं, आता रजा घेतो. हळदीच्या कढईखालचा जाळ विझत आला आहे.