ॲडमिशनची वाट बघताय? तोवर एक वस्तू विकून बघा

सीईटीचा निकाल लागला, ऑप्शन फॉर्म भरला, आता सगळं लक्ष कॅप राउंडच्या यादीकडे. पण दिवसातून दहा वेळा साइट उघडून नंबर काही वर सरकत नाही.

माझ्या दुकानात येणाऱ्या एका मुलाने याच दिवसांत पाण्याची टाकी भरली की वाजणारा अलार्म बनवला. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, बझर, ९ व्होल्टची बॅटरी. सामान ११० रुपये, विक्री १५०. मी विचारलं, "यात तुझी मजुरी कुठंय?" तो गप्प. पंधरा दिवसांत पहिलं गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं. टाकीतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. त्याने फुकटात स्टीलचे स्क्रू लावून दिले. पुढचा अलार्म २५० ला विकला.

माझं स्पष्ट मत आहे, प्रोजेक्ट घरात चालला म्हणजे झाला नाही. अनोळखी माणसाने पैसे मोजून वापरला, की झाला. मी बीबीए केलं, पण भाव सांगायला गल्ल्यावर बसूनच शिकलो.

फक्त दोन पथ्यं पाळा. सीट स्वीकारायची शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. आणि काम बॅटरीवरच करा, घरच्या २३० व्होल्टच्या लाइनशी खेळ नको.

यादी लागायची तेव्हा लागेल. तुम्ही आज पहिलं गिऱ्हाईक शोधा!