कष्टांचा सातबारा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमध्ये उन्हाळी सुट्टीतला सामूहिक मोटारप्रवास ही आता चांगलीच रुळलेली प्रथा आहे. तीन-चार कुटुंबे, दोन मोठ्या गाड्या, चिवडा-लाडवांचे डबे आणि आठ-दहा दिवसांची आखीव वाट. या वाटांपैकी एक वाट वाङ्मयीन आहे, म्हणून तिच्याविषयी येथे लिहिणे अप्रस्तुत ठरू नये. ती लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या बालकादंबऱ्यांच्या मागाने जाते. विस्कॉन्सिनमधले पेपिन हे लेखिकेचे जन्मस्थळ, मिनेसोटातले वॉलनट ग्रोव्ह, दक्षिण डकोटातले डी स्मेट, वेळ असेल तर दक्षिणेकडे कॅन्ससमधले इंडिपेन्डन्स आणि शेवटी मिसुरीतले मॅन्सफिल्ड, जेथे १९५७ साली लेखिकेचे निधन झाले. सोबतीला मुले असतात. त्यांच्यासाठी डी स्मेट येथे छत घातलेल्या बैलगाडीसारख्या वाहनातून फेरी असते, मक्याच्या कणसाची बाहुली करायला मिळते. परतल्यावर मंडळाच्या स्मरणिकेत एक प्रवासलेख येतो आणि त्यात हमखास एक उद्गार असतो : केवढे हे कष्ट, केवढी ही जिद्द!

माझा वाद या उद्गाराशी आहे. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. आणि त्याचे हे अर्धेपण निरागस नाही.

कष्ट खरे होते, हे आधी निःसंदिग्धपणे मान्य करू. १८७४ साली इंगल्स कुटुंब वॉलनट ग्रोव्हपाशी आले आणि प्लम क्रीकच्या काठावर जमिनीत कोरलेल्या घरात राहू लागले. पुढच्या हंगामांत टोळधाडीने उभे पीक खाल्ले. १८७६ साली तान्हा मुलगा गेला. १८७९ साली थोरल्या मेरीची दृष्टी गेली. १८८०-८१च्या हिवाळ्यात डी स्मेटला येणाऱ्या आगगाड्या बर्फामुळे महिनोन्‌महिने अडकून पडल्या आणि गावाची उपासमार झाली. हे सारे वाचताना ज्याच्या पोटात कालवत नाही, त्याने साहित्याच्या वाटेला जाऊ नये.

परंतु कष्ट हा मालकीचा पुरावा नव्हे. आपल्याकडे शेतजमिनीचा सातबारा असतो. त्यावर कसणाऱ्याचे नाव वेगळे आणि धारकाचे नाव वेगळे असू शकते, हे कोणत्याही खेड्यातल्या माणसाला ठाऊक असते. या वारसास्थळांवर मात्र घामाचाच सातबारा करून दिला जातो. ज्याने सोसले त्याची जमीन, असा हा फेरफार आहे. त्या फेरफारात आधीच्या खातेदाराचे नाव कोठे गेले, हे विचारण्याची सवड आखीव प्रवासात नसते.

खरे तर ते नाव शोधायला आडवाटेला जावे लागत नाही. मिनेसोटातून वॉलनट ग्रोव्हवरून डी स्मेटकडे जाणारा मार्ग म्हणजे हायवे क्रमांक १४. त्याच्या काही भागाला लॉरा इंगल्स वाइल्डर यांचेच नाव दिले आहे. पूर्वेकडून येताना याच रस्त्यावर आधी मॅनकेटो लागते, मग न्यू उल्म, मग स्लीपी आय आणि त्यानंतर वॉलनट ग्रोव्ह. स्लीपी आय हे गमतीदार वाटणारे नाव एका डकोटा प्रमुखाचे आहे. मिनेसोटा हा शब्दही डकोटांचा. १८५१च्या करारांनी डकोटांकडून दोन कोटी एकरांहून अधिक जमीन घेण्यात आली आणि मिनेसोटा नदीकाठची एक चिंचोळी पट्टी त्यांच्याकडे उरली. १८५८ साली तिचाही अर्धा भाग गेला. जमिनीच्या मोबदल्याचा वार्षिक हप्ता १८६२च्या उन्हाळ्यात वेळेवर आला नाही. व्यापाऱ्यांनी उधारीवर धान्य देण्याचे नाकारले. भुकेतून आणि संतापातून युद्ध पेटले. त्यात शेकडो वसाहतकारही मारले गेले, त्यांत बायका-मुले होती. हे लपवण्याचे कारण नाही. युद्धानंतर लष्करी आयोगाने ३०३ जणांना देहदंड सुनावला. अध्यक्ष लिंकन यांनी बहुतेकांची शिक्षा रोखली. उरलेल्या ३८ डकोटांना २६ डिसेंबर १८६२ रोजी मॅनकेटो येथे एकाच वेळी फाशी देण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी. १८६३ साली करार रद्द झाले आणि डकोटांना मिनेसोटातून हद्दपार करण्याचा कायदा झाला.

आता सनावळी जुळवून पाहावी. हद्दपारी १८६३ची, इंगल्स कुटुंबाची गाडी प्लम क्रीकला पोहोचली १८७४ साली. मध्ये अवघी अकरा वर्षे. लॉराच्या कादंबरीत जी नदीकाठची शांतता आहे, ती निसर्गदत्त नव्हती. ती करून घेतलेली शांतता होती. मग मॅनकेटोवरून न थांबता पुढे जायचे आणि प्लम क्रीकच्या काठावरल्या खचलेल्या खळग्यापाशी मुलांना हात जोडायला लावायचे, या प्रवासाला वारसादर्शन म्हणावे काय?

लॉराबाईंचे साहित्यच या प्रश्नाची साक्ष देते. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’च्या आरंभी पश्चिमेकडच्या प्रदेशाचे वर्णन आहे. त्या प्रदेशात माणसे नाहीत, फक्त इंडियन राहतात, अशा आशयाचे ते विधान होते. सतरा वर्षे ही पुस्तके घरोघरी वाचली गेली. पण त्या विधानाचा व्हायला हवा तसा गाजावाजा झाला नाही. १९५२ साली एका वाचकाचे पत्र प्रकाशकांकडे आले. संपादिका उर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांना ही चूक आजवर कोणाच्या नजरेस आली नाही याचेच आश्चर्य वाटले. लेखिकेने संमती दिली आणि १९५३च्या आवृत्तीत ‘माणसे’ या अर्थाच्या शब्दाच्या जागी ‘वसाहतकार’ या अर्थाचा शब्द आला. लेखिकेच्या मनात दुष्टावा नव्हता, हे त्या संमतीवरून दिसते. म्हणूनच हे उदाहरण मोलाचे आहे. एका सहृदय लेखिकेला, तिच्या संपादकांना आणि लक्षावधी वाचकांना माणसांची व्याख्या इतकी संकुचित असल्याचे जाणवले नाही, यालाच विचारसरणी म्हणतात.

आणि आपण मराठीत काय लिहितो? ‘निर्मनुष्य प्रदेश’, ‘ओसाड माळरान’, ‘कोऱ्या जमिनीवर उभारलेले विश्व’. म्हणजे १९५३ साली मूळ पुस्तकातून गेलेली चूक आपण स्मरणिकांतून पुन्हा छापत आहोत.

ते ‘छोटे घर’ नेमके कोठे होते, हेही पाहण्याजोगे आहे. १८६९ साली कॅन्ससमध्ये चार्ल्स इंगल्स यांनी ज्या जागी घर बांधले, ती ओसेज लोकांसाठी राखीव असलेली जमीन होती. ती वसाहतीसाठी खुली झालेलीच नव्हती. साध्या मराठीत याला अतिक्रमण म्हणतात. १८७०च्या कायद्यानंतर ओसेज लोक दक्षिणेकडे गेले आणि आजच्या ओक्लाहोमात त्यांनी स्वतःच्या पैशाने जमीन विकत घेतली. कादंबरीत इंगल्स कुटुंब सरकारी सैनिक हुसकावतील या भीतीने घर सोडते. प्रत्यक्षात १८७१ साली ते परतले, कारण विस्कॉन्सिनची त्यांची जमीन घेणाऱ्याला पैसे चुकते करता आले नाहीत आणि ती जमीन पुन्हा त्यांच्याकडे आली. पुस्तकात सरकार अन्यायी ठरते आणि अतिक्रमण करणारा अन्यायग्रस्त.

येथे दुसऱ्या अर्धसत्याकडे येऊ. या कथांमधून स्वावलंबनाचा धडा घेतला जातो : कोणाची मदत नाही, सरकारचा आधार नाही, फक्त मनगट. वस्तुस्थिती काय होती? २० मे १८६२ रोजी लिंकन यांनी सही केलेल्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून कसणाऱ्याला १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात मिळू लागली. सही करणारे लिंकन तेच आणि वर्षही मॅनकेटोच्या फाशीचेच. या कायद्याने पुढे सत्तावीस कोटी एकर, म्हणजे देशाच्या सुमारे दहा टक्के जमीन वाटली गेली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना जमिनी बहाल झाल्या. टोळधाडीनंतर १८७५ साली चार्ल्स इंगल्स यांनी आपण निष्कांचन असल्याचे लिहून देऊन मदतीचे पीठ घेतले. अंध मेरी आयोवातल्या शाळेत शिकली, तिच्या शिक्षणाचा मुख्य भार डकोटा टेरिटरीच्या शासनाने उचलला. कादंबऱ्यांत मात्र दिसतात ती लॉराने शिवणकाम आणि शिक्षकी करून मिळवलेली नाणी. लॉराची मेहनत खरीच होती. पण शासनाचा हात पुसून टाकला की उरते ते चरित्र नव्हे, ते बोधवाक्य असते. लेखिकेची कन्या रोझ वाइल्डर लेन यांनी या पुस्तकांच्या संस्करणात मोठा वाटा उचलला आणि त्या स्वतः शासनविरोधी व्यक्तिवादाच्या पुरस्कर्त्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे हे पुसणे आकस्मिक वाटत नाही.

यावर ठरावीक आक्षेप येतात. पहिला : त्या काळच्या माणसांना आजची मूल्ये का लावता? उत्तर असे की ही मूल्ये आजची नाहीत. १८६२ सालीच बिशप हेन्री व्हिपल डकोटांवरील अन्यायाचे गाऱ्हाणे घेऊन लिंकन यांच्याकडे गेले होते. १८८१ साली हेलन हंट जॅक्सन यांनी ‘अ सेंच्युरी ऑफ डिसऑनर’ हा ग्रंथ लिहून करारभंगांचा पाढा वाचला. त्या काळी सांगणारे होते, ऐकणारे नव्हते.

दुसरा आक्षेप : एका गरीब कुटुंबाला का दोष देता? दोष देण्याचा प्रश्नच नाही. चार्ल्स इंगल्स यांना मरून शतक उलटले. प्रश्न आज आपण ‘वारसा’ म्हणून काय उचलतो हा आहे. वारसाहक्क सांगणाऱ्याला मालमत्तेबरोबर कर्जही घ्यावे लागते.

तिसरा आक्षेप : मग काय, पुस्तके जाळायची? मुळीच नाही. २०१८ साली अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने बालसाहित्यातील एका पुरस्काराला असलेले वाइल्डर यांचे नाव काढले, तेव्हा आपल्याकडेही हाच गळा काढला गेला. पुरस्काराचे नाव बदलणे म्हणजे पुस्तकावर बंदी नव्हे. पुस्तके वाचावीतच; पण त्यांच्या शेजारी लुईज अर्ड्रिक यांची ‘द बर्चबार्क हाऊस’ ही १९९९ सालची कादंबरी ठेवावी. तिच्यातली ओमाकायास ही ओजिब्वे मुलगी १८४७ साली सुपीरियर सरोवरातल्या बेटावर वाढते आहे. तेही छोटे घरच आहे आणि तेथेही मृत्यू, थंडी, आजी आणि गोष्टी आहेत. एकाच सुट्टीत ही दोन्ही घरे वाचलेले मूल ‘निर्मनुष्य’ हा शब्द सहजासहजी वापरणार नाही.

सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न मात्र आपल्या लोकांचा आहे. या प्रवासलेखांच्या शेवटी एक समीकरण येते : तेही सारे मागे टाकून आले, आम्हीही दोन बॅगा घेऊन आलो, तेव्हा आम्ही आजचे पायोनियर. हे समीकरण मनाला सुखावते, पण ते चुकीचे आहे. ‘पायोनियर’ या शब्दाच्या मुळाशी पायदळातला सैनिक आहे. सैन्याच्या पुढे जाऊन रस्ता मोकळा करणारा. स्थलांतरित माणूस रांगेत उभा राहतो, परवाना मागतो, तेथे असलेल्यांचा कायदा मानतो. पायोनियर तेथे असलेल्यांचा कायदा नाहीसा व्हावा म्हणून पुढे जातो. एकाने येताना दार ठोठावले, दुसऱ्याने घरात कोणी नाही असे ठरवले. आपल्या आई-वडिलांनी परदेशात काढलेल्या खस्तांना प्रतिष्ठा हवी, हे मला कळते. पण ती उसनी घ्यायची तर असल्या घरून घेऊ नये. धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावे ज्या समाजाने पाहिली, १९२१च्या मुळशी सत्याग्रहाची आठवण ज्याच्या इतिहासात आहे, त्याला जमिनीवरून उठवलेल्या माणसांची बाजू समजायला दुभाष्या लागू नये.

या वाटेवरून आणखी एक सामूहिक प्रवास होत असे. दर डिसेंबरात डकोटा घोडेस्वार दक्षिण डकोटातल्या लोअर ब्रूलहून निघत आणि बर्फातून पाचशेहून अधिक किलोमीटर चालून २६ तारखेला मॅनकेटोला पोहोचत. मूळ आयोजकांनी २०२२ ची फेरी अखेरची म्हणून जाहीर केली. तोही बहुदिवसीय प्रवासच होता आणि वारशाचाच होता. वाटेत अनेक गावांनी, ज्यांत वसाहतकारांचे वंशजही होते, या स्वारांना जेवण दिले, घोड्यांना निवारा दिला. म्हणजे ज्यांचा तो वारसा आहे, ते आपसांत बोलू शकतात. मग अवघडलेपणाचे सोंग पाहुण्यांनी का करावे?

तेव्हा पुढल्या उन्हाळ्यात या वाटेने जाणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. पेपिनला जा, डी स्मेटला जा, चार्ल्स इंगल्स यांनी लावलेली कॉटनवुडची झाडेही पाहा. पण हायवे १४ वर मॅनकेटोला गाडी थांबवा. तेथे २०१२ साली उभारलेल्या स्मारकावर अडतीस नावे आहेत. मुलांना ती वाचू द्या. उच्चार अडखळतील, अडखळू द्या. आणि स्मरणिकेसाठी लेख लिहायला बसाल तेव्हा त्या नावांना त्यात एक परिच्छेद द्या.