आधी यादी, मग बांधणी

'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द पडद्यावर वेगळे दिसतात. 'कि'मधली वेलांटी टंकताना क-नंतर येऊनही दिसताना क-च्या आधी जाऊन बसते. हे काम ज्या प्रणाली करतात त्यांतली एक फार महत्त्वाची म्हणजे 'हार्फबझ' ही लायब्ररी. (लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे, तर इतर प्रणालींनी हाताशी धरावा असा तयार संच. नाव मात्र फारसी आहे, 'ओपनटाइप'चे रूपांतर.) फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस, अँड्रॉइड या साऱ्यांच्या पोटात ती आहे. तिची मूळ संहिता खुली आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने ती उतरवून घेऊन स्वतःच्या यंत्रावर बांधावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. मात्र संहिता हाती पडताच बांधणीची आज्ञा सोडण्याची घाई त्याने करू नये.

या बांधणीला काय लागते? सी++चा कंपायलर, मेसॉन व निंजा ही बांधणीची साधने, मेसॉनसाठी पायथन, आणि इतर लायब्रऱ्यांचा ठावठिकाणा सांगणारे पीकेजी-कॉन्फिग. कंपायलर नसेल तर काम पहिल्याच पायरीवर अडते, आणि हे अडणे मी उपकारकच मानतो. खरी फसगत होते ती काम न अडल्यामुळे! ग्लिब नसली तरी हार्फबझ बिनतक्रार बांधली जाते. पण 'एचबी-शेप' आणि 'एचबी-व्ह्यू' ही तिच्यासोबतची हत्यारे तयारच होत नाहीत. ग्लिब आहे पण कैरो नाही, तर एचबी-व्ह्यू तेवढे गळते. आणि भाषेच्या अभ्यासकाला हवी असतात ती नेमकी हीच दोन. पहिले कोणती अक्षरचित्रे कोणत्या क्रमाने निवडली ते सांगते, दुसरे त्यांचे चित्र काढून दाखवते. काय सापडले आणि काय नाही, हे मेसॉन शेवटी छापतो खरे. पण 'झाले' म्हणून हुश्श केलेला माणूस ते वाचतो थोडाच! त्यापेक्षा हवी ती गोष्ट 'एनेबल्ड' म्हणून आधीच मागावी. मग ती नसेल तर बांधणी तिथेच थांबते.

डेबियन-उबुंटूवर आणखी एक गंमत आहे. फ्रीटाइप यंत्रात बसलेली डोळ्यांना दिसते आणि मेसॉन म्हणतो, नाही. दोघेही खरे बोलत असतात. चालवण्यापुरती लायब्ररी वेगळी आणि बांधणीला लागणाऱ्या हेडर फायलींचे 'डेव्ह' पॅकेज वेगळे.

तयार पॅकेज मिळत असता हा उपद्व्याप कशाला, असे कोणी म्हणेल. नुसते वापरायचे असेल तर खुशाल तयार घ्यावे. पण 'दऱ्या'तला र बिघडलेला दिसला, तर दोष टंकाचा की लायब्ररीचा हे तपासणार कोण? ते काम संगणक विभागाकडे ढकलून मराठी विभागाने मोकळे होणे मला पटत नाही. तेथे उत्तम अभियंते असतील. दऱ्यांचा दर्या झाला हे त्यांना कळेलच असे नाही.

आणि हे काम अंगावर घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच पाहून ठेवावी. हार्फबझला फ्रीटाइप उपयोगी, तर फ्रीटाइपच्या आपोआप रेखीवपणा आणणाऱ्या भागाला हार्फबझ उपयोगी. दोन्ही मुळापासून बांधायच्या तर आधी फ्रीटाइप हार्फबझविना बांधायची, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप. यादी न वाचणारा मात्र आधी कोंबडी की आधी अंडे, याच विवंचनेत दोन दिवस काढतो.