दाणे पुढें ठेवणें म्हणजे जेवूं घालणें नव्हे

पोपट पाळण्याची हौस महाराष्ट्रास नवी नाहीं. अंगणांत टांगलेला पिंजरा आणि त्यांत भिजविलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड व हिरवी मिरची, हें चित्र आपल्या आजीआजोबांच्या काळीं सर्रास दिसे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वयें आपल्याकडील रानपोपट पकडून पाळणें आज गुन्हा आहे, आणि तो असावा हेंच आम्हांस योग्य वाटतें. आतां त्या पिंजऱ्यांत बंदिवासांतच जन्मलेले परदेशी पक्षी दिसूं लागले आहेत. मूळचा ऑस्ट्रेलियांतील कॉकाटिएल हा त्यांपैकीं एक. डोक्यावर तुरा, गालांवर नारिंगी ठिपके आणि वजन अवघें ९० ग्रॅमांच्या आसपास! एवढ्याशा जीवाच्या अन्नासंबंधानें आमच्या वाचकांपुढें दोन शब्द मांडावे असें आम्हांस वाटतें.

हातानें भरवून वाढविलेलें कॉकाटिएलचें पिलूं साधारणतः ८ ते १० आठवड्यांचें झालें म्हणजे स्वतः खाऊं लागतें. विक्रेता सांगतो, "आतां हें दाणे खातें." घेणारा तेवढ्यावर विसंबून दाण्यांची वाटी भरून ठेवितो व निश्चिंत होतो. पिलूं दाण्यांशीं खेळतें, टरफलें उडवितें. वाटी भरलेलीच दिसते, पण तींत उरलेला असतो तो कोंडा. चोंच मारणें निराळें आणि पोट भरणें निराळें. भरल्या वाटीपुढें पिलूं उपाशी राहूं शकतें, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानींमनींही नसते.

"भूक लागली कीं आपोआप खाईल," असें म्हणणारे लोक आहेत. आम्हांस हें मत मुळींच मान्य नाहीं. मुलाची उष्टावण झाली म्हणून दुसऱ्याच दिवशीं त्याच्या हातीं भाकरीचा तुकडा देऊन आई निघून जात नाहीं. रानांतही पिलूं घरटें सोडून उडूं लागल्यावर कांहीं दिवस आईबाप त्यास भरवीतच असतात, व त्यांचें पाहून तें दाणे टिपावयास शिकतें. भूक हा शिक्षक नव्हे. शिकण्यास पोटांत थोडा आधार लागतो. शिवाय घर बदललें कीं भेदरलेलें पिलूं शिकलेलेंही विसरतें आणि मान हलवीत पुन्हां भरविण्याची याचना करितें. तें लाड नव्हेत. अशा वेळीं सायंकाळचें एक भरविणें कांहीं दिवस चालूं ठेवावें. तें अन्न सुमारें ४० अंश सेल्सिअस उष्ण असावें. अधिक तापलें तर गळ्याखालची अन्नाची पिशवी भाजते, थंड दिलें तर पचत नाहीं. मात्र भरविण्याची रीत जाणत्याकडून शिकूनच हें करावें, कारण अन्न श्वासनलिकेंत गेल्यास प्राणावर बेततें.

याबरोबरच उथळ ताटलींत, पिलाच्या पायांशीं, नानाविध अन्न मांडावें. राळ्याचें कणीस, मोड आलेलें धान्य, उकडलेलें गाजर, मक्याचे मऊ दाणे, कोथिंबीर, शेवग्याचा पाला हें सर्व चालतें. नुसत्या कोरड्या दाण्यांत अ जीवनसत्त्व व कॅल्शियम फार थोडें असतें, आणि सूर्यफुलाच्या बियांत चरबी फार. आजीची मिरची खुशाल द्यावी. पक्ष्यांस ती तिखट लागत नाहीं. दूधपोळी मात्र देऊं नये, कारण दुधांतील साखर त्यांस पचत नाहीं. चॉकलेट, चहा, कॉफी, खारे पदार्थ व अवोकाडो हीं तर विषासमान मानावीं. ओलें अन्न आपल्या दमट हवेंत लवकर आंबतें. तें दोन तासांत उचलावें.

पिलूं खरोखर जेवतें कीं नाहीं, हें वाटीस न विचारतां तराजूस विचारावें. रोज सकाळीं, कांहीं खाण्यापूर्वीं, ग्रॅम दाखविणाऱ्या कांट्यावर वजन करून वहींत टिपावें. ९० ग्रॅमांचें पिलूं ८१ ग्रॅमांवर आलें म्हणजे दहावा हिस्सा गेला. तेथवर वाट न पाहतां, वजन रोज उतरूं लागतांच भरविणें पुन्हां सुरू करावें व पशुवैद्यास दाखवावें. विष्ठा थोडी व गर्द हिरवी होणें हीही उपासमारीचीच खूण होय.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, पिलूं स्वतः खाऊन वजन राखतें हें दिसल्याविना विक्रेत्यानें तें विकूं नये, व घेणाऱ्यानें घेऊं नये. ज्यास महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास देणें शक्य नसेल, त्यानें वाढलेला पक्षी घ्यावा, अथवा पिंपळावर उतरणारे मोकळे रावे पाहून डोळे निववावे. दाणे पैशानें मिळतात. त्या पिलास जें हवें आहे तें लक्ष मात्र आपणांसच द्यावें लागतें.