पंचाहत्तर तासांपलीकडची सेवा

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात माध्यमिक शिक्षण पुरे करून बाहेर पडू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला गणित, विज्ञान, इतिहास या विषयांच्या जोडीला समाजसेवेचे ७५ तास भरावे लागतात. १९९२ साली हा नियम झाला आणि १९९७ च्या तुकडीपासून तो लागू झाला. 'सेवेतून शिक्षण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचा अवलंब त्या देशातील इतरही अनेक शाळा करतात. मुले नदीकाठ स्वच्छ करतात, अन्नछत्रात वाढपी होतात आणि पुष्कळदा वृद्धांच्या शुश्रूषागृहात जाऊन तेथील रहिवाशांशी मैत्री जोडतात. यांपैकी शेवटच्या उपक्रमाचा विचार समाजपरिवर्तनाची भाषा बोलणाऱ्यांनी अवश्य करावा. कारण त्यात शिक्षणाचा प्रश्न आहे, वार्धक्याचा आहे आणि या दोहोंच्या मुळाशी असलेला अर्थव्यवस्थेचाही आहे.

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की बाळंतपणाचे वा शस्त्रक्रियेचे खाजगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत त्या शब्दाचा अर्थ निराळा. पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा केवळ वयोमानाने आलेली दुर्बलता यांमुळे ज्यांना घरी सांभाळणे शक्य होत नाही, असे वृद्ध तेथे राहतात. बहुतेकांचा अखेरचा मुक्काम तोच. अशी सुमारे पंधरा हजार गृहे त्या देशात असून त्यांतील रहिवाशांची संख्या बारा लाखांच्या घरात आहे. यांपैकी सुमारे सत्तर टक्के गृहे नफ्यासाठी चालविली जातात. दर दहा रहिवाशांपैकी सुमारे सहा जणांचा खर्च 'मेडिकेड' या सरकारी योजनेतून होतो. परंतु तिचा लाभ मिळण्यापूर्वी माणसाला स्वतःची पुंजी जवळजवळ संपवावी लागते. बहुतेक राज्यांत दोन हजार डॉलरच्या आसपास शिल्लक राहिली, तरच तो पात्र ठरतो. म्हणजे आयुष्यभर कारखान्यात राबलेला माणूस कागदोपत्री कंगाल झाल्याखेरीज त्याच्या अंथरुणाचा खर्च सरकार उचलत नाही.

अशा जागी बारा-चौदा वर्षांची मुले जातात, तेव्हा काय घडते? उपक्रम नीट आखलेला असेल, तर एका मुलाची गाठ एका वृद्धाशी वर्षभरासाठी घालून दिली जाते. शिक्षक मुलांची आधी तयारी करून घेतात. ऐकू कमी येणाऱ्याशी कसे बोलावे, तीच गोष्ट पुन्हापुन्हा सांगणाऱ्याचे कसे ऐकावे, हे शिकवतात. दर भेटीनंतर मुलांनी अनुभव लिहायचा आणि त्यावर वर्गात चर्चा करायची. आज नव्वदीच्या उंबरठ्यावर असलेला माणूस १९५५ सालच्या माँटगोमेरीतील बस-बहिष्काराच्या वेळी तरुण होत होता. १९६३ साली वॉशिंग्टनवर मोर्चा गेला तेव्हा तो ऐन विशीत होता. मुलाच्या पुस्तकात जो धडा आहे, ते त्या वृद्धाचे आयुष्य आहे. तो ते सांगू लागतो तेव्हा नाते पालटते. मदत घेणारा देणारा होतो आणि सेवा करायला आलेला शिष्य होतो.

हे पालटणे हाच या उपक्रमाचा गाभा होय. १९९१ साली न्यूयॉर्क राज्यातील एका लहानशा गावातील शुश्रूषागृहात डॉ. बिल टॉमस यांनी काम सुरू केले, तेव्हा तेथील माणसांची तीन दुखणी त्यांना औषधापलीकडची वाटली: एकाकीपण, असहायता आणि कंटाळा. त्यांनी त्या गृहात झाडे, पक्षी, कुत्री-मांजरे आणि मुले आणली. यातील असहायतेचे निदान विशेष मार्मिक आहे. ज्याला दिवसभर फक्त घ्यावेच लागते आणि ज्याच्याकडून कोणीही काही मागत नाही, तो माणूस आतून खचतो. दया ही असहायता वाढवते. मैत्री ती कमी करते.

तथापि, सगळेच उपक्रम असे नसतात. नाताळच्या आठवड्यात तासभर गाणी म्हणायची, भेटकार्डे वाटायची, छायाचित्र काढायचे आणि तासांच्या तक्त्यावर सही घ्यायची, हाही त्याचा एक प्रकार आहे. मूल पुन्हा येत नाही. वाट पाहणारा मात्र तिथेच असतो. पेनसिल्व्हेनियातील एका शाळा-मंडळाने ६० तासांची सेवा सक्तीची केली, तेव्हा ही तर वेठबिगारी आहे आणि गुलामगिरी नष्ट करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा हा भंग आहे, असा दावा पालक व विद्यार्थ्यांनी केला. १९९३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने तो फेटाळला, हे योग्यच झाले. परंतु तक्रारीतील बोच खोटी नव्हती. ज्या सेवेतून शिक्षण वजा झाले, तिच्यात उरते ती केवळ हजेरी.

याहून गंभीर आक्षेप डावीकडून येतो. नफेखोर मालक नोकरवर्ग कमी ठेवतात आणि त्यातून पडलेली पोकळी मुलांच्या फुकट श्रमांनी आणि गोड गाण्यांनी झाकली जाते, असा तो आक्षेप. त्याला आधार आहे. प्रत्येक रहिवाशामागे दररोज किमान ३.४८ तासांची शुश्रूषा मिळालीच पाहिजे, असा नियम अमेरिकी केंद्र सरकारने २०२४ साली केला. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्द ठरवला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये तेथील काँग्रेसने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखणारी तरतूद मंजूर केली. मुलांकडून तास मागणे सोपे असते. मालकांकडून मागणे अवघड.

असे असूनही हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कायद्याने परिचारिका आणता येते, मित्र आणता येत नाही. उद्या ही सारी गृहे सार्वजनिक मालकीची झाली, तरी संध्याकाळी चारनंतरचे एकाकीपण संपेलच असे नाही. शिवाय मैत्रीतून साक्षीदार तयार होतो. आपल्या ओळखीच्या आजीने घंटा वाजवल्यावर अर्धा तास कोणी का आले नाही, असे मूल विचारते. तिला आंघोळ घालणारी सेविका दोन ठिकाणी नोकरी का करते, आणि हे काम करणाऱ्यांत स्त्रिया, कृष्णवर्णीय व परदेशातून आलेल्यांचाच भरणा का, हेही ते विचारते. हे प्रश्न शिक्षकाने टाळले, तर उपक्रम परोपकाराचा राहतो. वर्गात घेतले, तर तोच अर्थशास्त्राचा पहिला धडा ठरतो. २०२० साली साथीमुळे या गृहांचे दरवाजे भेटींसाठी बंद झाले. पुढच्या वर्षाच्या आरंभापर्यंत त्या देशातील कोविडच्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश अशा दीर्घकालीन निवासांशी निगडित होते. ज्या जागेकडे समाज एरवी पाहत नाही, तेथील मृत्यूही त्याला उशिराच दिसतात.

श्रम आणि सेवा यांतून शिक्षण ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची मांडणी झाली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवेची शिफारस केली, १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याला शाळेच्या वेळापत्रकात जागा मागितली. प्रत्यक्षात त्याचे काय झाले, ते शाळांच्या कपाटांतील सजवलेल्या वह्या सांगतील.

वृद्धांची स्थितीही वेगळी नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोकसंख्या दहा कोटींवर गेली होती. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांच्या आश्रमाची तरतूद मात्र शासनाला बंधन म्हणून नव्हे, तर मुभा म्हणून केली. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ऐंशीपर्यंतच्या वयासाठी २०२५ मध्येही दरमहा २०० रुपयेच होता. आणि १ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, शाळांच्या सहली फळे व चादरी घेऊन वृद्धाश्रमात जातात आणि दुपारपर्यंत परततात.

या सहलींऐवजी एका शाळेने एका आश्रमाशी वर्षभराचे नाते जोडावे. मुंबईच्या एखाद्या आश्रमात १९८२ च्या गिरणी संपात घर उद्ध्वस्त झालेला कामगार असेल, कोठे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली बाई असेल. त्यांचे ऐकून मुलांनी लिहावे, लिहिलेले त्यांनाच वाचून दाखवावे आणि चुकले असेल तर त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावे. शिक्षक-कार्यकर्त्यांनी हे काम हाती घेतले, तर त्याला फारसा पैसा लागणार नाही. वर्षाच्या अखेरीस त्याच मुलांनी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहून एवढेच विचारावे, की आमच्या जिल्ह्यात शासनाचा दीडशे जणांचा आश्रम कोठे आहे? त्या पत्राखाली मुलांच्या सह्यांशेजारी वृद्धांच्याही सह्या असाव्यात.